नावामागचं शिवार

बडा फुहारा म्हणजे जुन्या जबलपूरचा मध्यबिंदू. चौकात कारंजं, भोवती गजबजलेला बाजार आणि हाकेच्या अंतरावर 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारं कमानिया गेट. हा भाग खव्याच्या जलेबीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या नेहमीच्या जिलबीसारखी ती केशरी आणि कुरकुरीत नसते. काळपट तपकिरी, जाड वेढ्यांची, आतून मऊ, चवीनं गुलाबजामाच्या जवळची. तिकडे तापीकाठचं बुऱ्हाणपूरही याच पदार्थासाठी ओळखलं जातं, फक्त तिथं तिला मावा जलेबी म्हणतात. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर ती बुऱ्हाणपूरच्या नावानं खपते, तळली मात्र मुंबईतच जाते.

गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण जलेबी चांगली असते. पण प्रश्न उरतोच. पदार्थाच्या नावात गाव असेल, तर त्या नावावर हक्क कुणाचा? पहिल्या हलवायाचा, गावातल्या सगळ्यांचा, की कृती ठाऊक असलेल्या कुणाचाही?

फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशानं या प्रश्नाचा जितका खोल विचार केला, तितका जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. तिथं बाटलीवर गावाचं, कधी कधी एखाद्या शेताचं नाव असतं आणि त्या नावामागं संपूर्ण कायदा उभा असतो. या व्यवस्थेला फ्रेंच लोक आपेलासिआँ म्हणतात. बर्गंडीत अशी ऐंशीहून अधिक आपेलासिआँ आहेत. बाहेरच्या माणसाला हे सगळं प्रकरण चक्रव्यूहासारखं वाटतं. पण सातबारा, शिवार आणि बांधाची भांडणं ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आली, त्या मराठी वाचकाला ते कळायला जड नाही.

दोन किलोमीटर रुंदीचं जग

बर्गंडीचा गाभा म्हणजे दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे गेलेली टेकड्यांची एक ओळ. लांबी जेमतेम 50-60 किलोमीटर, द्राक्षबागांच्या पट्ट्याची रुंदी बऱ्याच ठिकाणी दोन किलोमीटरही नाही. या पट्ट्यात 1,247 शेतं स्वतंत्र नावांनी आणि काटेकोर सीमांनी नोंदलेली आहेत. युनेस्कोनं 2015 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीत राजवाडे आणि देवळं असतात, इथं शेतांचे बांध आहेत.

लाल वाइन बहुतेक सगळी पिनो न्वार या एकाच द्राक्षाची, पांढरी बहुतेक सगळी शार्दनेची. ही निवडही जुनी आहे. 1395 मध्ये फिलिप नावाच्या ड्यूकनं फर्मान काढून भरमसाट पीक देणारी गामे ही जात उपटून टाकायला लावली होती, पिनोची प्रतिष्ठा टिकावी म्हणून. वेल तोच, प्रदेश तोच, हवामानही जवळजवळ तेच. मग दोन शेजारच्या शेतांतल्या वाइनच्या किमतीत दहा-वीस पटींचा फरक का पडतो?

उत्तर उतारावर सापडतं. टेकडीच्या माथ्यावर माती पातळ असते आणि वारा गार. पायथ्याला माती खोल, जड आणि पाणी धरून ठेवणारी. तिथं वेल माजतो, पानं भरपूर येतात, द्राक्ष पाणचट होतं. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चिकणमाती यांचा मेळ बसतो. उतार पूर्वेकडे तोंड करून असल्यानं सकाळचं ऊन लवकर मिळतं, पाणी निथळून जातं आणि मुळांना खोल जावं लागतं. सगळ्यात नावाजलेली शेतं याच मधल्या पट्ट्यात आहेत.

दगडाची चव द्राक्षात उतरते असं कौतुकानं म्हटलं जातं, ते शब्दशः घेऊ नये. वेल चुनखडीची चव शोषून पेल्यात आणून ओतत नाही. जमीन पाणी किती देते, किती अडवते, ऊब किती धरते, यावर द्राक्ष किती सावकाश पिकतं ते ठरतं. चवीतला फरक त्या पिकण्यातून येतो. गंमत अशी की हा फरक प्रयोगशाळेनं नव्हे, मठांनी हेरला. 1098 मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंनी पिढ्यानपिढ्या एकेका तुकड्याची द्राक्षं वेगळी पिळली, वेगळी चाखली आणि वेगळी मोजली. त्यांनी कुंपण घातलेली क्लो द वूजो ही सुमारे 50 हेक्टरची बाग आजही दगडी भिंतीच्या आत उभी आहे.

लेबल कसं वाचायचं

या सगळ्या ज्ञानाची कायद्यानं चार पायऱ्यांत मांडणी केली आहे. नियम एका ओळीत सांगता येतो: नाव जितक्या लहान जागेचं, तितकी वाइन वरच्या पायरीवर.

सगळ्यात खाली प्रदेशाचं नाव, म्हणजे नुसतं बूर्गोन्य. द्राक्षं या मोठ्या प्रदेशात कुठेही पिकलेली चालतात. एकूण उत्पादनाचा साधारण निम्मा भाग या पायरीवर आहे. त्याच्या वर गावाचं नाव, उदाहरणार्थ जेव्रे-शांबेर्तां. अशी 44 गावं आहेत. तिसरी पायरी प्रमिए क्रूची. इथं गावाच्या नावापुढं शेताचं नाव जोडतात. आणि सगळ्यात वर ग्राँ क्रू, एकूण 33. इथं गावाचं नाव गळून पडतं आणि लेबलवर एकट्या शेताचं नाव राहतं. एकूण उत्पादनात यांचा वाटा जेमतेम एक टक्का. यांतलंच एक रोमाने-काँती, सगळं मिळून 1.8 हेक्टर. आपल्या हिशेबात साडेचार एकर.

प्रसिद्ध शेताचं नाव गावाला हवंहवंसं वाटणं हेही ओघानं आलंच. जेव्रे या गावानं 1847 मध्ये आपल्या सर्वांत नामांकित शेताचं, शांबेर्तांचं, नाव स्वतःला जोडून घेतलं. माँराशे हे शेत दोन गावांच्या हद्दीवर पसरलेलं, म्हणून प्युलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांनी ते नाव लावलं. म्हणून जेव्रे-शांबेर्तां आणि नुसतं शांबेर्तां यांत गल्लत करू नये. पहिली गावाची वाइन, दुसरी ग्राँ क्रू. लेबलवर शब्द कमी झाले की किंमत वाढते, हा बर्गंडीचा उफराटा न्याय.

याउलट फ्रान्समधल्याच बोर्दोच्या मेदोक भागात 1855 पासून मान मिळतो तो वाइन बनवणाऱ्या इस्टेटीला. त्या इस्टेटीनं शेजारची जमीन विकत घेतली तरी मान इस्टेटीकडेच राहतो. बर्गंडीत मान जमिनीचा. मालक बदलला, वाटण्या झाल्या, कर्जात गेली, तरी शेताचा दर्जा शेताकडेच.

आणि वाटण्या झाल्याच. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, पुढं 1804 च्या नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना समान वाटा दिला. क्लो द वूजोच्या एकाच भिंतीच्या आत आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाकडं वेलींच्या काही मोजक्या ओळीच. भिंतीच्या आतला वरचा भाग उत्तम निचऱ्याचा, खालचा रस्त्यालगतचा भाग जड मातीचा, तरी कायद्यानं सगळंच ग्राँ क्रू. त्यामुळे जाणकार नाव वाचून थांबत नाही, खाली बारीक अक्षरांत पिकवणारा कोण तेही बघतो. नाव जमिनीची हमी देतं, हाताची नाही.

सीमा आखली, तरी फसवणूक थांबेना

हा कायदा उदात्त विचारांतून जन्मला नाही, तो संकटातून आला. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीनं फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाल्ली. अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधणं हा उपाय निघाला, पण तोवर बाजारात खऱ्या वाइनची टंचाई आणि खोट्याचा सुकाळ झाला होता. दुसरीकडून आणलेली स्वस्त वाइन मोठ्या नावांनी विकली जाऊ लागली. 1905 मध्ये भेसळीविरुद्ध कायदा आला आणि सरकार सीमा आखू लागलं. सीमा आखली की भांडण आलंच. 1911 मध्ये शँपेनच्या बागाईतदारांनी दंगली केल्या, तळघरं फोडली, सैन्य बोलवावं लागलं.

1919 च्या कायद्यानं हद्दीचे वाद न्यायालयाकडे दिले. पण लवकरच लक्षात आलं की नुसती हद्द पुरत नाही. हद्दीच्या आत कुणी हलकी जात लावली, कुणी खत-पाणी देऊन पीक दुप्पट काढलं, तरी नाव तेच. दक्षिणेकडच्या रोन खोऱ्यात शातोनफ-द्यु-पाप या गावच्या लोकांनी 1923 मध्ये यावर तोडगा काढला. पिएर ल रॉय हा वकील आणि पहिल्या महायुद्धातला वैमानिक त्यांचा पुढारी. गावकऱ्यांनी स्वतःवरच बंधनं घालून घेतली. जिथं लव्हेंडर आणि थाइम उगवतं, तितक्याच रुक्ष जमिनीत वेल लावायचे, ठरलेल्याच जाती, ठरलेलं किमान मद्यार्क, सडकी द्राक्षं निवडून बाजूला. पुढं 1935 मध्ये फ्रान्सनं देशासाठी जो कायदा केला, त्याचा साचा हाच.

हे गाव आपल्या शिवाराबद्दल किती हळवं आहे, याचा एक किस्सा कागदोपत्री नोंदलेला आहे. 1954 मध्ये उडत्या तबकड्यांची हवा होती तेव्हा तिथल्या महापौरांनी हुकूम काढला: गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्यांनी उतरायचं नाही, उतरल्यास जप्त होतील.

आज बर्गंडीच्या प्रत्येक आपेलासिआँचं स्वतःचं नियमपुस्तक असतं. कोणती जात, हेक्टरी किती वेली, छाटणी कशी, पीक किती, साखर किती भरल्यावर तोडणी, पिंपात किती महिने. ग्राँ क्रूच्या लाल वाइनला हेक्टरी साधारण 3,500 ते 4,000 लिटरची मर्यादा असते, प्रदेशाच्या साध्या वाइनला याहून बरीच जास्त. मर्यादेपेक्षा जास्त पीक काढणाऱ्याला नाव गमवावं लागतं. कमी पिकवण्याचा कायदा शेतकऱ्यांनी मागून घेतला, हे वाचून आपल्याकडचा बागाईतदार चकित होईल.

बडा फुहाऱ्याच्या जलेबीला हाच न्याय लावून पाहू. आधी हद्द ठरवावी लागेल: चौक, जुनं शहर, की सगळा जबलपूर जिल्हा? मग खवा कुठल्या दुधाचा, किती आटवलेला, पिठात दुसरं काय आणि किती, तळायला तूप की तेल, पाक किती तारी. तयार जलेबी चाखून पास-नापास करणारी पंचमंडळी कोण? हे सगळं लिहून काढायला बसलं की पहिल्याच बैठकीत हलवायांची भांडणं होतील. फ्रान्समध्येही झाली. ती भांडणं लिहून, सही करून संपवली, तेव्हा त्या नावाला बाजारात वजन आलं.

दोन दिंडोऱ्या

आपल्याकडे हा विचार कायद्याच्या रूपात आला तो जागतिक व्यापार संघटनेच्या करारामागून. त्या करारात वाइन आणि मद्यांच्या स्थाननामांना इतर मालापेक्षा जास्त कडक संरक्षण आहे, युरोपनं ते आग्रहानं घालून घेतलं. भारतानं 1999 मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा केला, 2003 मध्ये तो लागू झाला. नोंदणी कार्यालय चेन्नईला. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची. या कायद्यातलं एक कलम विशेष आहे: मानांकन विकता येत नाही. ब्रँड विकता येतो, कंपनी विकता येते, पण गावाचं नाव ही त्या गावच्या उत्पादकांची सामाईक ठेव, ती कुणा एकाला बाजारात मांडता येत नाही.

या कायद्याखाली गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये आणि त्यानंतर लगेचच ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मानांकन मिळालं. म्हणजे फ्रेंच कल्पनेचं मराठी मुलखातलं थेट भावंड.

आता दोन दिंडोऱ्यांची गोष्ट. जबलपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर नर्मदाकाठी डिंडोरी आहे. तिच्या लोखंडी कलाकुसरीला 2023 मध्ये मानांकन मिळालं. आणि नाशिकच्या उत्तरेला दिंडोरी तालुका आहे, तिथल्या शिराझ द्राक्षाची ‘दिंडोरी रिझर्व्ह’ नावाची वाइन सुला ही वाइनरी विकते. नागरीत ड आणि द असा फरक दिसतो, रोमन लिपीत छापलं की दोन्ही एकच. फ्रान्समध्येही अशी जोडी आहे. पुई-फ्युइसे बर्गंडीतली, शार्दने द्राक्षाची. पुई-फ्युमे ल्वार खोऱ्यातली, सोव्हिन्याँ ब्लाँची. अर्ध नाव सारखं, वाइन पूर्ण वेगळ्या. तिथं घोटाळा होत नाही, कारण प्रत्येक नावाला नकाशा आणि नियम चिकटलेले आहेत. नुसतं नाव कुणाचंही असू शकतं.

नाशिकची द्राक्षशेती बर्गंडीच्या नियमांत बसणारच नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. बर्गंडीत हिवाळ्यात वेल झोपतो, वर्षात एकच मुख्य छाटणी होते आणि तोडणी साधारण सप्टेंबरात. नाशिक 20 अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. इथला वेल तसा गाढ झोपत नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्यानं वेलीला दोनदा छाटायची पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते आणि डोळ्यांत घड धरतात. पावसाळ्यानंतर फळछाटणी, तिच्यातून पीक येतं. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे बर्गंडीचा वेल थंडीच्या तोंडावर पिकतो आणि नाशिकचा थंडीत. रात्री गार, दिवसा कोरडं ऊन, हा काळ द्राक्षाला आम्लता टिकवून साखर भरायला सोयीचा. बर्गंडीत बागेला पाणी देण्यावर बंदी, नाशिकमध्ये कोरड्या हिवाळ्यात ठिबकशिवाय बाग उभी राहणार नाही. याचा अर्थ नियमपुस्तक आयात करता येत नाही. ते आपल्याच शिवारात बसून लिहावं लागतं.

जमीनही वेगळी. बर्गंडीची चुनखडी ज्युरासिक काळातल्या समुद्रतळाची. उत्तरेकडच्या शाब्ली भागात बागेच्या मातीत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांचे अवशेष सापडतात. नाशिकची काळी माती सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या दख्खनच्या लाव्हाची. त्या लाव्ह्याची ईशान्येकडची कड कुठवर जाते? जबलपूरपर्यंत. बडा फुहाऱ्याभोवती 20-25 किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात मदन महालचा ग्रॅनाइट येतो, भेडाघाटचा संगमरवर येतो, लमेटा घाटाच्या नावानं ओळखले जाणारे थर येतात आणि त्यांच्या डोक्यावर दख्खनचा काळा पाषाण. त्या लमेटा थरांत 1828 मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली होती. चार स्वभावांचे दगड एका शहराच्या अंगणात. भेडाघाटच्या दगडी कलाकुसरीला 2023 मध्ये मानांकन मिळालं, ते या भूगर्भाचीच देणगी.

वरच्या पायऱ्या कुठे आहेत?

आपल्या मानांकनांची यादी आता लांब झाली आहे: पैठणी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरचं संत्रं, जळगावचं केळं, सांगलीची हळद. अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण बर्गंडीच्या शेजारी ठेवली की तिची उणीव दिसते. आपल्याकडे इमारत बहुधा एकमजली आहे. ‘नाशिक व्हॅली’ हे एकच नाव. दिंडोरीचा उंच भाग आणि निफाडचा सपाट भाग यांना त्याच्या आत वेगळ्या पायऱ्या नाहीत. हापूसला 2018 मध्ये मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. देवगडच्या कातळावरचा आंबा आणि पालघरच्या बागेतला आंबा एकाच नावाखाली आले. कोकणी माणूस दोहोंतला फरक डोळे मिटून सांगेल, कायद्याला मात्र तो सांगता येत नाही.

बर्गंडीची रीत इथं कामाची आहे. पाच जिल्ह्यांचं नाव खालची पायरी म्हणून राहू द्यावं, त्यावर तालुक्याची पायरी बांधावी, आणि ज्या गावाला आपल्या सड्याची खात्री आहे त्यानं अधिक कडक नियम मान्य करून वरची पायरी मागावी. अशा रचनेत पालघरचा शेतकरी नाव गमावत नाही आणि देवगडच्याला वेगळी किंमत मिळते. नाशिकलाही हाच मार्ग आहे. त्यासाठी मठातल्या साधूंचं काम आपल्याला करावं लागेल: तुकड्यातुकड्याचं पीक वेगळं ठेवणं, वेगळं चाखणं, वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवणं. नाशिकमध्ये आधुनिक वाइनचा व्यवसाय उभा राहिला तो 2000 सालाच्या आसपास. पाव शतकाच्या मानानं प्रवास मोठा आहे, नोंदींच्या मानानं मात्र ही सुरुवातच.

वाचकानं आपल्यापुरतं एवढं करावं. पुढच्या वेळी पेटीवर, लुगड्यावर किंवा बाटलीवर गावाचं नाव दिसलं, की दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. हद्द कुठली? नियम कोणते? तपासतं कोण? तिन्हींची उत्तरं कागदावर मिळाली तर त्या नावाला जास्तीचा पैसा खुशाल मोजावा. एकाचंही मिळालं नाही, तर ते मानांकन नव्हे, जाहिरात समजावी.